आवाज, मु. पो. ताझुंत

ताझुंत, ९ फेब्रुवारी १९८१

इद्दर यांस, सलाम.

तुमच्या आईची तब्येत बरी आहे. शेळ्या व्याल्या. बदाम यंदा लवकर फुलला आणि गारठ्यानं अर्धा गळाला. रीतीचं लिहून झालं, आता मुद्द्यावर येतो.

तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. ज्याला झाडावर चढायला मी शिकवलं, ज्याच्या हाती मी माझी बहीण दिली, त्याला मी ‘तू’च म्हणत आलो. पण दीड वर्षात तुम्ही तूदाला एक शब्द पाठवलेला नाही. मनीऑर्डर येते, वेळेवर येते, हे मान्य. मी वस्तुस्थिती सोडून बोलत नाही. मनीऑर्डर आली की तूदा अंगठा उठवते आणि म्हणते, "पैसे काय, सरकारही वाटतं. म्हणून सरकारला कुणी नवरा म्हणतं का?"

पूर्वी तुमचं बोलणं भरलेली कॅसेट यायची. तूदा माझ्या दुकानातून यंत्र घेऊन जायची, खोलीचं दार लावून ऐकायची आणि मग दोन दिवस तिचा पाय जमिनीला लागायचा नाही. ते बंद झालं. गेल्या ऑगस्टात दरीतले बहुतेक परदेशवाले सुट्टीला आले, तुम्ही आला नाहीत. डिसेंबरात ती तिचं गाठोडं घेऊन तुमच्या आईच्या घरून माझ्या घरी आली. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कुठल्या शाळेचा कागद माझ्याकडे नाही, पण आवाज येत नसेल तर कारणं तीनच, हे मला आगादीरच्या इंजिनिअरनं सांगायला नको. एक, स्टेशन बंद आहे. दोन, मधे कुठेतरी तार तुटली आहे. तीन, बॅटरी संपली आहे. गाव म्हणतं, तुमची बॅटरी संपली. तिकडे दुसरं घर मांडलंत. मी गावाचं ऐकत नाही. मी तुम्हाला विचारतो.

रमजान लागायच्या आत सरळ उत्तर आलं नाही, तर मी तूदाला घेऊन काझीकडे जाईन. ऑगस्टात सगळे आल्यावर त्यांच्यासमोर तमाशा नको.

बिही


जेनव्हिलिए, २ मार्च १९८१

दा बिही,

तुझं ते ‘तुम्ही’ वाचलं आणि कारखान्याच्या दारात थंडीत उभा होतो तो अजून थिजलो. मला शिव्या घाल, पण ‘तू’ म्हणून घाल.

मी कॅसेट पाठवायचा थांबलोच नाही! दर महिन्याला, पगाराच्या रविवारी, खोलीतल्या तिघांना बाहेर काढून मी बोलतो. जाड पाकिटात घालतो, टपालात टाकतो. ऑगस्टात का आलो नाही तेही त्यात सांगितलं होतं. माझं राहण्याचं कार्ड संपलं होतं. नव्याविना सीमा ओलांडली असती तर परत येता आलं नसतं. कार्ड डिसेंबरात मिळालं. त्या दिवशी मी कॅसेटवर चक्क गायलो. आता तूच सांग, बायको सोडून दिलेला माणूस गातो का?

उलट मीच समजत होतो की ती रागावली आहे. तिच्याकडून दीड वर्ष काहीच नाही. वाटलं, आईचं आणि तिचं वाजलं असेल, मी मधे कशाला पडू.

तुझं पत्र आल्यावर मी इथल्या कामगारांच्या वसतिगृहात आपल्या दरीतल्या प्रत्येकाला विचारलं. आधी कुणी बोलेना. बायकोकडून काही येत नाही हे कोण कबूल करणार? ऑगस्टात घरी जाऊन आलेल्यांनीही ‘तूच पाठवलं नाहीस’ म्हणून तिकडे बायकोशी भांडण केलं आणि इथे येऊन लपवलं. मग म्हातारा यिदिर म्हणाला, "माझी बायको तर मी मेलो असंच धरून बसली असेल." आणि मग सगळेच बोलायला लागले. कुणालाही येत नाही, कुणाचंही पोहोचत नाही. एकाच दरीतल्या सगळ्यांची बॅटरी एकाच वेळी कशी संपेल? तूच सांग, रेडिओवाल्या. तार तुटली आहे.

इथल्या मदत केंद्रातल्या बाईंनी फ्रेंचमध्ये तक्रार लिहून दिली. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले, आणि ती आगादीरच्या टपाल संचालनालयाला पाठवली. कारकून तिच्यावर चहाचा पेला ठेवतील, दुसरं काय होणार?

तूदाला हे सांग. पण एक लक्षात ठेव: तिच्यासाठी मी जे बोलतो ते मी तुला लिहिणार नाही आणि तू तिला वाचून दाखवणार नाहीस. तू तिचा भाऊ आहेस.

इद्दर


ताझुंत, ३० मार्च १९८१

इद्दर,

बरं, ‘तू’ म्हणतो. पण अर्धाच.

तूदाला सांगितलं. ती बदाम फोडत बसली होती. दगड खाली न ठेवता म्हणाली, "पत्र कुणी वाचलं? तूच ना? मग हे तो बोलला की तू, मला काय कळणार? दा, तुम्ही दोघं लहानपणापासून एकमेकांचं झाकत आलात."

"अगं, कार्ड संपलं होतं त्याचं."

"कॅसेट आण. त्याच्या तोंडून ऐकेन. नाहीतर रमजानच्या आत काझीकडे जायचं म्हणालास ना, तिथे तू मला नेलं नाहीस तर मी एकटी जाईन."

हे ती रागानं बोलली असती तर मला काळजी वाटली नसती. ती शांतपणे बोलली.

तार तुटली असेल तर कुठे, हे मी शोधून काढलं आहे. कागदी पत्रं येतात, मनीऑर्डर येते, जाड पाकिटंच तेवढी येत नाहीत. टपाल खालच्या गावाहून बसनं येतं ते थेट पोस्टमन बेलैदच्या हातात. त्याच्यानंतर कुणी नाही. दोन आणि दोन चार. त्याच्या घरी नवा रेडिओ आहे, मीच विकला. कुठून आले पैसे? मी त्याला समज दिली आहे.

माझं बरं चाललं आहे. गाण्याच्या कॅसेटींना इतकी मागणी आहे की गुरुवारच्या बाजारात संध्याकाळपर्यंत एकही उरत नाही. बसवर सामान चढवणारा जामा शहरातून वापरलेल्या कॅसेटी स्वस्तात आणून देतो. चांगल्या, जर्मन बनावटीच्या. मी त्या आधी पूर्ण पुसतो, दोन्ही बाजू, मग त्यांच्यावर गाणी भरतो. दुसरे लोक जुन्यावरच भरतात आणि मागून खरखर येते. माझ्या कॅसेटीत खरखर दाखवा आणि पैसे परत घेऊन जा, असं मी फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

बिही


जेनव्हिलिए, २१ एप्रिल १९८१

दा बिही,

तू लिहितोस, बेलैदला ‘समज’ दिली. यिदिरच्या पुतण्यानं वेगळंच लिहिलं आहे: भर बाजारात तू त्याची कॉलर धरलीस, टोपी उडवलीस, आणि आता त्याला कुणी चहा देत नाही, पत्रं दाराबाहेर दगडाखाली ठेवून जावं लागतं त्याला. हे मला लिहायचं राहून गेलं का तुझं? वस्तुस्थिती सोडून बोलत नाहीस म्हणे!

रेडिओचे पैसे त्याला त्याच्या जावयानं पाठवले. इथेच राहतो तो, माझ्या खालच्या मजल्यावर. त्याची बायको म्हणजे बेलैदचीच मुलगी ना? तिलाही कॅसेट मिळत नाही. आपल्या पोरीच्या तोंडचा घास कोण काढून घेईल?

आता मी चुकलो ते सांगतो. कारकुनांनी आमच्या तक्रारीवर चहा ठेवला नाही. उत्तर आलं! प्रत्येकाच्या नावे वेगळं. कुठल्या तारखांना टाकलं, पाकीट कसं, वजन साधारण किती, परतीचा पत्ता लिहिला होता का, सगळं विचारलं आहे. खाली सही: बतूल झरवाल, टपाल तपासनीस. बाई आहे! यिदिर म्हणाला, "बाईला काय कळणार चोरांचं?" मी म्हटलं, "चाचा, तुझ्या बनियनच्या खिशातला तंबाखू कोण शोधून काढायचं? चाची ना?"

तिनं आणखी एक गोष्ट लिहिली आहे. तुमच्या कॅसेटी मिळाल्या तरी आम्ही त्या ऐकणार नाही, ज्यांच्या त्यांनाच देऊ. हे वाचून इथे दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला आजवर असं कुणी लिहिलं नव्हतं.

इद्दर


ताझुंत, १८ मे १९८१

इद्दर,

हे पत्र बसून वाच. आणि वाचून झाल्यावर फाडून टाक. तुला फाडावंसं वाटेल तेव्हा पत्रच फाड, दुसरं काही नको.

गुरुवारी ती तपासनीस बाई, लल्ला बतूल, आली. चाळिशीची असेल, करडा कोट, सपाट बूट, आणि बोली अशी की डोळे मिटले तर आपल्या दरीतलीच कुणी आजी बोलते आहे. बसमधून उतरली, कुणाला काही न विचारता थेट बेलैदच्या घरी गेली. सगळा बाजार बघत होता. दाराबाहेर, उघड्यावर, त्याच्या हातचा चहा प्यायली. तीन पेले, सावकाश. एक शब्द न बोलता तिनं गावाला सांगून टाकलं, हा माणूस चोर नाही. मला तो चहा इकडे दुकानात कडू लागला.

मग माझ्या दुकानात आली. "रेडिओचे बिही तुम्हीच? आवाज चांगला देता म्हणे."

मी माझा फळा दाखवला. ती हसली नाही. मांडणीतली एक कॅसेट उचलली, उलटी करून पाठीचा कोपरा उजेडात धरला. तिथे इवलीशी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. मोडलेल्या जागी मी चिकटपट्टी लावतो, म्हणजे पुन्हा भरता येतं. ही युक्ती मी स्वतः शोधलेली.

"ही चिकटपट्टी तुमची?"

"हो. अगदी मापात कापलेली आहे, बघा."

"बघतेय. दुसरी?"

तिनं एकेक करत मांडणी रिकामी केली. प्रत्येक कॅसेटीला माझी चिकटपट्टी. मग हळूच, नावाआधी मानाचं ‘सी’ लावून म्हणाली, "सी बिही, पट्टी कोण मोडतं?"

"ज्याला आतलं पुसू द्यायचं नसतं, तो."

"आणि या कुणाला नको झालेल्या, विकून टाकलेल्या कॅसेटी असतील, तर एवढ्या सगळ्यांच्या पट्ट्या कुणी जपायच्या म्हणून मोडल्या?"

इद्दर, मी यंत्रांची नाडी जाणतो असं समजत आलो. प्रत्येक पट्टीवर माझी बोटं फिरली होती, आणि मला एकदाही हा प्रश्न पडला नाही. मला फक्त भोक दिसलं आणि ते बुजवायचं कसं ते दिसलं.

मी पुसताना आवाज बंद ठेवतो. बॅटरी कमी जाते. म्हणून कधी ऐकलं नाही. तूदा आत बदाम फोडत होती आणि बाहेर, भिंतीच्या अलीकडे, मी तुझा आवाज पुसत होतो. दोन्ही बाजू. पूर्ण. खरखर राहू नये म्हणून.

मी खाली बसलो. तिनं पाणी दिलं. माझ्याच दुकानात, माझ्याच मडक्यातलं. मी विचारलं, "आता मला पकडणार?"

"मला तुमच्यावर संशय होता. आजही थोडा आहे. पण ज्यानं चोरलं तो आपल्या कामाची एवढी फुशारकी मारणार नाही. तो फळा लावणार नाही. कोण आणून देतं?"

मी जामाचं नाव सांगितलं. तिनं मान हलवली, जणू ते नाव तिच्याकडे होतंच, फक्त माझ्या तोंडून हवं होतं. खालच्या गावी ती आधीच दोन दिवस राहून आली होती. टपालाची पिशवी लहान. कागदी पत्रं आणि मनीऑर्डरी तिच्यात, तोंडाला शिशाची मोहर. जाड पाकिटं तिच्यात मावत नाहीत, म्हणून ती साखरेच्या रिकाम्या गोणीत टाकून बसच्या टपावर चढवतात. गोणीला मोहर नाही. आपल्याकडून खाली जाणारी पाकिटंही त्याच गोणीतून जातात. तूदानं दोन कॅसेटी पाठवल्या होत्या, मला न सांगता. पिशवीची मोहर शाबूत दिसते म्हणून सगळे समजतात टपाल शाबूत आहे. तिथल्या पोस्टमास्तरनं तिला म्हणे सांगितलं, "लल्ला, पैसे तर पिशवीत असतात. गोणीत काय, आवाज!" ती म्हणाली, "मोहर मला तिथेच हवी."

आता तिचा हुकूम ऐक. जामाला मी नेहमीसारखं हसायचं, त्यानं आणलं की नेहमीसारखं घ्यायचं, पण पुसायचं काही नाही. तोंड बंद; बायकोलाही नाही, बहिणीलाही नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी नेहमीच्या रविवारी नेहमीसारखी कॅसेट पाठवायची. खोटी नको. ती म्हणाली, "चोराला वजनावरून कळतं, आणि बायकांना आवाजावरून. खरं बोलायला सांगा."

तूदा रमजानची वाट बघते आहे. मी तिच्याकडे बघू शकत नाही.

बिही


जेनव्हिलिए, ७ जून १९८१

दा बिही,

पत्र फाडलं नाही. आधी हसलो. खोलीतल्यांना वाटलं, लॉटरी लागली. मग हसता हसता थांबलो आणि कामावर गेलोच नाही.

खोटं सांगत नाही, तुझ्यावर राग आला. दीड वर्ष, दा! मी एकदा एक पूर्ण बाजू तिला सांगितलं होतं, की पहिल्या रात्री इथे बर्फ पडला तेव्हा काय वाटलं. ते आता मलाही आठवत नाही. त्याच्यावर कुणाच्या तरी लग्नातलं ढोलकं वाजत असेल. पण मग विचार केला, जामानं ती नदीत फेकली असती तर काय मिळालं असतं? निदान तू स्वच्छ पुसलीस. दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती तर माझी बर्फाची गोष्ट बाजारात चहावाल्याच्या यंत्रावर वाजली असती. एवढ्या एका कारणासाठी तुझ्या त्या फळ्याला मी माफ केलं. कॉलरसाठी बेलैदकडे तू स्वतः जा. माझ्या नावानं नको.

चोर ऐकेल म्हणून बोलायला बसलो तर शब्द फुटेना. मग म्हटलं, ऐकलं तर ऐकू दे, पोटात दुखेल त्याच्या. तूदाशीच बोललो. आजच टाकली. यिदिरनंही टाकली. तो तर पाच मिनिटं नुसता रडला आणि म्हणाला, राहू दे, पुसू नका.

त्या बाईला आमचा सगळ्यांचा सलाम सांग. वसतिगृहात आता तिचं नाव घेताना लोक ‘लल्ला’ आधी लावतात. यिदिरसुद्धा.

इद्दर


ताझुंत, २७ जून १९८१

इद्दर, माझ्या भावा,

घडलं ते क्रमानं सांगतो. 

परवा गुरुवार. बाजार भरलेला, बस आली. खिडक्यांतून कोंबड्या, पोरं, पुदिन्याच्या जुड्या. बायका उतरल्या. त्यांच्यात एक काळी चादर डोक्यावरून घेतलेली, हातात भाकरीची टोपली. खालच्या गावापासून सगळ्या बायका तिला कुणाची तरी मावशी समजत होत्या. ती उतरून बसच्या मागे गेली. जामा टपावरून बेलैदला पिशवी देत होता. मोहर शाबूत. मग गोणी. गोणी हलकी.

"जामा," ती बाई म्हणाली, "चहाच्या थांब्यावर टपावर काय करत होतास रे? सगळे खाली चहा पीत होते."

"दोरी आवळत होतो, मावशी. तू बस बघ, दोरी आम्ही बघतो."

"हत्यारांची पेटी उघड."

"पंक्चर झालं का तुझ्या टोपलीला?"

लोक हसले. तिनं चादर मागे सारली. आत तो करडा कोट. मला आधीच माहीत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. दोन जेंडार्म शिपाई बाजारातून पुढे झाले. ते सकाळपासून कांदे निवडत उभे होते. जामाचं तोंड मी कधी विसरणार नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, "सी बिही, सांगा की यांना, आपला धंदा आहे हा." मी म्हटलं, "धंदा माझा होता. माल त्यांचा होता." आणि सगळ्यांसमोर, बेलैदसमोर, सांगून टाकलं की कॉलर मी चुकीच्या माणसाची धरली. बेलैदनं जमिनीवरून माझी टोपी उचलली (पडली होती, केव्हा कळलं नाही), झटकली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. हे त्यानं का केलं, मला समजलं नाही. मी केलं नसतं.

पेटीत पाना, तेलाचं डबडं, आणि खाली जाड पाकिटं. दोन तिची स्वतःची. तिनं आगादीरहून आपल्याच दरीतल्या दोन बायकांच्या नावे आमिष म्हणून टाकलेली, मला त्यांचा पत्ताही लागू दिला नव्हता. एक यिदिरचं. एक तुझं.

आता लल्ला बतूल कशी आहे ते ऐक. जेंडार्म म्हणाला, सगळं जप्त, खटला संपेपर्यंत सरकारजमा. खटला म्हणजे वर्ष, दोन वर्षं. मी गयावया केली, रमजान आठवड्यावर आलाय म्हटलं. तिनं माझं ऐकलं की नाही, माहीत नाही. तिनं तूदाला आणि यिदिरच्या बायकोला बोलावून घेतलं. प्रत्येकीला तिचं पाकीट दाखवलं, नाव वाचून दाखवलं, अंगठा घेतला. मग त्यांनाच पाकीट उघडायला लावलं. रिकामं पाकीट स्वतःकडे घेतलं, कॅसेट त्यांच्या हातात ठेवली.

जेंडार्म म्हणाला, "लल्ला, हा पुरावा आहे."

"पत्ता, तिकीट आणि शिक्का पाकिटावर आहे. चोरी पाकिटाची झाली, पुरावा पाकीट. आत काय बोललंय ते न्यायाधीशाला ऐकायचं कारण नाही. विचारलं तर माझं नाव सांगा." आणि आपली टोपली उचलून भाकरीचा तुकडा तोडून खाल्ला. सकाळपासून उपाशी होती.

मी आयुष्यभर कुणाला गुरू मानलं नाही. मानायची वेळच आली नाही. त्या दिवशी मला वाटलं, हिच्या हाताखाली मोहरा लावायचं काम मिळालं तरी चालेल. काल सकाळी जाण्याआधी तिनं खालच्या पोस्टासाठी दुसरी मोठी पिशवी मंजूर झाल्याचं सांगितलं, मोहरेसकट. टपावर नाही, ड्रायव्हरच्या मागे. आणि मला म्हणाली, "फळा काढू नका. फक्त घेताना विचारत जा, कुठून आणलं."

आता तूदा.

तिनं माझं सगळ्यात चांगलं यंत्र नेलं, आतली खोली बंद केली. मी दुकानात बसलो, आणि तुझं मला काही ऐकू येऊ नये म्हणून चार रेडिओ एकदम लावले, चार वेगवेगळी स्टेशनं. लोक थांबून बघायला लागले. कैरो, रबात, कुठलं तरी कुराणपठण, आणि फुटबॉल. अर्ध्या तासानं माझी बायको बाहेर आली, म्हणाली, "अहो, ती हसतेय."

"चांगलं हसतेय की तसलं?"

"अजून नमस्कारच चाललेत म्हणे. पहिली बाजू संपली. तुमच्या आईला सलाम, आत्याला सलाम, बेलैदला सलाम, विहिरीवरच्या सगळ्यांना नावानिशी सलाम. म्हणते, हा माणूस दोन वर्षं तिकडे राहून एक नाव विसरला नाही, माझ्यापर्यंत मात्र अजून पोहोचला नाही."

दुसरी बाजू लागली तेव्हा हसू थांबलं.  मी फुटबॉलचा आवाज आणखी मोठा केला.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल, आणि काखेत गाठोडं. डिसेंबरात आणलेलं तेच. मी उठलो. म्हटलं, "तूदा, कुठे?"

"घरी."

"कुणाच्या?"

"माझ्या. वरच्या. सासूबाई एकट्याच सगळं करतायत." मग दाराशी थांबली. "दा, एक सांगू? तू काझीकडे नेणार होतास. तो तिकडे बसून तुझ्या पत्राची वाट बघत होता. तुम्ही दोघं माझ्याबद्दल किती लिहीत होतात! मला एकदा तरी विचारलंत, तूदा, तुला काय लिहायचंय?"

मी चारही रेडिओ बंद केले.

"विचार."

मी विचारलं. तिनं मला बसायला लावलं, कागद काढायला लावला आणि म्हणाली, मी बोलते तेवढंच लिहायचं, सुधारायचं नाही. म्हणून खाली लिहितो ते तिचं. एक अक्षर माझं नाही.

‘इद्दर. मी काझीकडे जात नाही. तुझं ऐकून मन वितळलं म्हणून नव्हे, तुझं खरं आहे हे कळलं म्हणून. दीड वर्ष मी तुला वाईट समजले, त्यात तुझा दोष नव्हता, पण ते दिवस माझेच गेले. ते कुणी परत देणार नाही. ईदला ये. कार्ड आहे ना आता? कॅसेट नको. आणि आलास की बसमधून उतरल्या उतरल्या सगळ्यांना सलाम करत बसू नकोस. आधी माझ्याकडे बघ. गाव थांबेल.’